प्रकाशकीय वृत्त आणि लेखकभेट : वाङ्मयेतिहासाचे एक उपेक्षित साधन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात ग्रंथ आणि ग्रंथकार यांना केंद्रस्थान मिळाले, ते स्वाभाविकच होते. प्रकाशकाची नोंद मात्र बहुधा ग्रंथनामापुढील कंसात संपली. प्रकाशकांविषयी जे लेखन झाले ते मुख्यतः आठवणी, गौरवपर लेख आणि मृत्युलेख या स्वरूपाचे आहे. प्रकाशनसंस्थेने वेळोवेळी काढलेली वार्तापत्रे, आगामी पुस्तकांच्या घोषणा, प्रकाशनसमारंभांची वृत्ते, लेखक आणि वाचक यांच्या भेटीचे कार्यक्रम यांच्याकडे जाहिरात म्हणून पाहिले गेले आणि जाहिरात म्हणूनच ती टाकून दिली गेली. ही सामग्री वाङ्मयाच्या अभ्यासाला कोणत्या प्रकारे उपयोगी पडू शकते आणि तिचा उपयोग करताना कोणती सावधगिरी बाळगावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लहान, स्वतंत्र प्रकाशनसंस्थेच्या बाबतीत वृत्त आणि लेखकभेट ही विक्रीची साधने तर असतातच. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्याद्वारे ती संस्था आपला वाचकवर्ग घडवीत असते. या घडणीत लेखकाचे कोणते रूप वाचकांपुढे येते, यावर त्याच्या ग्रंथाचे आकलनही काही अंशी अवलंबून राहते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. संकल्पनात्मक चौकट

साहित्याच्या समाजशास्त्रीय अभ्यासात प्रकाशनव्यवहाराला स्थान मिळवून देणाऱ्यांत रोबेर एस्कार्पी या फ्रेंच अभ्यासकाचे नाव अग्रभागी आहे. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने सुशिक्षितांचे ग्रंथाभिसरण आणि लोकप्रिय वाङ्मयाचे अभिसरण असा भेद केला. पहिल्यात ग्रंथविक्रेता, समीक्षक आणि वाचक यांच्याकडून येणारा प्रतिसाद लेखक-प्रकाशकापर्यंत परत पोचतो. दुसऱ्यात ग्रंथ वाचकापर्यंत जातो, परंतु वाचकाचा आवाज उलट दिशेने फारसा येत नाही. पुढे १९८२ मध्ये रॉबर्ट डार्न्टन याने लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता आणि वाचक यांना जोडणाऱ्या वर्तुळाची कल्पना मांडली. वाचक लेखनापूर्वीच लेखकावर प्रभाव टाकीत असल्यामुळे हे वर्तुळ पूर्ण होते, असे त्याचे म्हणणे आहे.

प्रस्तुत विषयाला अधिक जवळची मांडणी जेरार जेनेत याच्या १९८७ मधील ग्रंथात आढळते. ग्रंथाचे शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठावरील मजकूर यांना त्याने संहितेच्या उंबरठ्यावरील मजकूर मानले. या मजकुराचा एक भाग ग्रंथाच्या आत, तर दुसरा ग्रंथाबाहेर असतो. मुलाखती, पत्रव्यवहार, प्रकाशकाची निवेदने हा बाहेरचा भाग होय. प्रकाशकीय वार्तापत्र आणि लेखकाशी गप्पांचा कार्यक्रम यांचा समावेश या बाह्य भागात करता येतो. उंबरठा ओलांडल्याशिवाय घरात प्रवेश होत नाही. परंतु उंबरठा म्हणजे घर नव्हे, ही दोन्ही भाने अभ्यासकाने राखणे आवश्यक आहे.

२. पूर्वपीठिका : निमंत्रण आणि नकार

मराठीत लेखकांच्या एकत्र येण्याला सार्वजनिक कार्यक्रमाचे स्वरूप प्रथम १८७८ च्या पुण्यातील ग्रंथकार सभेने दिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने भरलेली ही सभा पुढील साहित्य संमेलनांची जननी मानली जाते. तिच्यामागे केवळ स्नेहभाव नव्हता. मराठी ग्रंथांच्या निर्मितीस आणि प्रसारास उत्तेजन मिळावे हा व्यावहारिक हेतूही होता. म्हणजे ग्रंथप्रसार आणि ग्रंथकारांचा मेळावा यांचे नाते आरंभापासूनचे आहे.

दुसरी ग्रंथकार सभा १८८५ मध्ये भरली. तिचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी पत्राद्वारे नाकारले. बहुजनांच्या हक्कांचा विचार न करणाऱ्या ग्रंथकारांच्या सभांशी आपले जमणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. आज त्या सभेतील भाषणांपेक्षा फुल्यांचा नकारच वाङ्मयविचारात अधिक महत्त्वाचा ठरला आहे. यातून अभ्यासकाला एक पद्धतिविषयक धडा मिळतो. लेखकांच्या मेळाव्याचे वृत्त वाचताना व्यासपीठावर कोण होते एवढेच पाहून भागत नाही. कोणाला बोलावले नव्हते आणि बोलावूनही कोण आले नाही, हेही पाहावे लागते. समारंभाचे अधिकृत वृत्त या प्रश्नांची उत्तरे सहसा देत नाही. ती अन्यत्र शोधावी लागतात.

लेखकाची अनुपस्थितीच वृत्ताचा विषय झाल्याचे दुसरे उदाहरण १९३३ मधील आहे. ह. वि. मोटे यांनी ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने लिहिलेल्या लेखिकेचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. सुशिक्षित, मिळवत्या अविवाहित स्त्रीच्या मनातील कोंडी त्यात ज्या निर्भयपणे मांडली होती, तिच्यामुळे वादळ उठले. लेखिका कोण, ती स्त्री तरी आहे काय, या तर्कवितर्कांनी वाचकवर्ग व्यापला. मालतीबाई बेडेकर, त्या वेळच्या बाळूताई खरे, हे नाव प्रारंभी पडद्याआड राहिले. आधुनिक प्रकाशक लेखकाला वाचकांसमोर आणून पुस्तकाकडे लक्ष वेधतो. मोट्यांच्या बाबतीत लेखिकेला झाकून ठेवणे हे तिच्या संरक्षणासाठी आवश्यक होते आणि त्याच कृतीने पुस्तकाविषयीचे कुतूहलही वाढले. लेखकभेटीचा विचार करताना ही उलट बाजू ध्यानात घेतली पाहिजे. वाचकांसमोर येणे सर्व लेखकांना सारखेच सुकर नसते.

३. ‘ललित’ : ग्रंथव्यवहाराचे वृत्तपत्र

ग्रंथविषयक वृत्ताला स्वतंत्र मासिकाचे रूप देण्याचे श्रेय केशवराव कोठावळे यांच्याकडे जाते. गिरगावात जुन्या पुस्तकांच्या विक्रीपासून वाढत गेलेल्या मॅजेस्टिकचा व्याप पुढे प्रकाशनापर्यंत पोचला आणि जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक सुरू झाले. नव्या पुस्तकांची माहिती, लेखकांचे परिचय, साहित्यविश्वातील घडामोडी आणि वाचकांचा कौल यांना त्यात जागा मिळाली. ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या उपक्रमाने वाचक हाही मत देणारा घटक आहे, हे मान्य केले.

एखाद्या विक्रेत्या-प्रकाशकाच्या मासिकात स्वतःच्या मालाची स्तुती होणे अपेक्षित असते. ‘ललित’च्या बाबतीत लक्षणीय गोष्ट ही की, त्याच मासिकात जयवंत दळवी यांनी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यव्यवहाराची यथेच्छ थट्टा केली. वसंत सरवटे यांनी रेखाटलेला, हाती हातोडा घेतलेला ठणठणपाळ वाचकांच्या परिचयाचा झाला. लेखकांचा मोठेपणा, समारंभांतील कृतक गांभीर्य, परस्परगौरव हे या सदराचे विषय होते. म्हणजे ज्या पानांवर साहित्यविश्वाची बातमी येत होती, त्याच पानांवर त्या बातमीचा फुगाही फोडला जात होता. वृत्त आणि वृत्ताचा उपहास एकत्र नांदल्यामुळे मासिकाची विश्वसनीयता वाढली, असे अनुमान करता येते. प्रकाशकीय वृत्ताला टीकेचे वावडे असलेच पाहिजे असे नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

‘मॅजेस्टिक गप्पा’ हे याच प्रवृत्तीचे श्राव्य रूप होय. पार्ल्यात या कार्यक्रमांना जो श्रोतृवर्ग लाभला, तो शहरी मध्यमवर्गीय आणि मराठी साहित्याशी आधीच नाते असलेला होता. ‘गप्पा’ हा शब्दही सूचक आहे. व्याख्यानमालेत वक्ता उंचावर आणि श्रोता खाली असतो; गप्पांमध्ये ही उतरंड निदान तत्त्वतः मोडते. परंतु गप्पांत सामील होण्यासाठी भाषेचा एक लहेजा आणि संदर्भांचा एक समान साठा गृहीत धरलेला असतो. ज्यांच्याकडे तो साठा नाही त्यांना या बैठकीत जागा कशी मिळावी, हा प्रश्न पुढच्या टप्प्यावर उपस्थित झाला.

४. ‘ग्रंथाली’ : वाचक हाच आधार

१९७० नंतरच्या दशकाच्या मध्यावर मुंबईत सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणवता वाचक चळवळ म्हणवले. दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांपैकी अनेक जण पत्रकारितेतून आलेले होते. वाचकांना सभासद करून घ्यावयाचे, त्यांच्याकडून आगाऊ रक्कम घ्यावयाची आणि त्यांना सवलतीच्या किमतीत पुस्तके द्यावयाची, अशी ही योजना होती. लहान संस्थेची सर्वांत मोठी अडचण भांडवलाची असते. कागद, छपाई, बांधणी यांचा खर्च आधी होतो. विक्रेत्यांकडून पैसे मागाहून आणि तुकड्यातुकड्यांनी येतात. सभासद-योजनेने हा क्रम उलटा केला. त्याचबरोबर, ग्रंथालयांच्या खरेदीवर अवलंबून राहण्याची सवय मोडून व्यक्तिगत खरेदीदाराला महत्त्व दिले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये आल्यानंतर अनुदानित ग्रंथालयांची खरेदी हा मराठी प्रकाशकांचा एक प्रमुख आधार होता, ही पार्श्वभूमी येथे लक्षात घ्यावी.

ज्या वाचकाने आगाऊ पैसे दिले आहेत त्याला माहिती देणे ही मग सौजन्याची बाब राहत नाही. ते संस्थेचे कर्तव्य ठरते. ‘रुची’ हे ‘ग्रंथाली’चे नियतकालिक या दृष्टीने पाहावे लागते. तसेच ग्रंथयात्रा हा उपक्रम पुस्तकांना दुकानाबाहेर, गावोगावी नेणारा होता. येथे कार्यक्रमाची दिशाच बदलली. लेखकाला ऐकण्यासाठी वाचक सभागृहात येतो, ही रीत होती. आता ग्रंथ आणि लेखक वाचकाकडे निघाले.

या संस्थेने १९७८ मध्ये दया पवार यांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध केले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले आणि १९८१ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ मधील आहे. या ग्रंथांच्या प्रसारात वृत्त, चर्चा आणि लेखकाची प्रत्यक्ष भेट यांचा वाटा मोठा होता. ज्यांचे जगणे मराठी मुद्रित वाङ्मयात क्वचितच आले होते, अशा समाजांतील लेखक त्यामुळे व्यासपीठावर आले. १८८५ मध्ये नकाराने अधोरेखित झालेला प्रश्न येथे, अंशतः का होईना, वेगळ्या रीतीने हाताळला गेला.

तथापि या यशाची एक गुंतागुंतीची बाजूही आहे. ‘बलुतं’ची निवेदनपद्धती या संदर्भात विचारात घेण्यासारखी आहे. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, अशी रचना आहे. लेखकाने स्वतःचे दोन भाग केले आहेत : भोगणारा आणि लिहिणारा. ही दुभंगलेली अवस्था हाच त्या कथनाचा गाभा होय. लेखकभेटीत मात्र वाचकासमोर एकच माणूस उभा असतो. ‘हे सारे खरोखर घडले काय?’, ‘आपल्या माणसांना हे वाचून काय वाटले?’ अशा प्रश्नांचा रोख भोगणाऱ्याकडे असतो. लिहिणारा बाजूला पडतो. रचनेविषयी, भाषेविषयी, कशाची निवड केली आणि काय गाळले याविषयी प्रश्न विचारले जाण्याची शक्यता कमी होते. दलित आत्मकथनांची समीक्षा दीर्घकाळ अनुभवाच्या अस्सलपणाभोवती फिरत राहिली, याची कारणे समीक्षादृष्टीत शोधली गेली आहेत. त्यांच्या जोडीला या ग्रंथांच्या सादरीकरणाच्या पद्धतीचाही शोध घ्यावयास हवा. लेखकाला साक्षीदार म्हणून उभे करणारे व्यासपीठ त्याच्या साक्षीला वजन देते. पण त्याच वेळी त्याच्या कलाकृतीला कागदपत्राच्या पातळीवर आणण्याचा धोकाही निर्माण करते. प्रकाशकाचा हेतू शुद्ध असला तरी हा परिणाम टळतोच असे नाही.

५. मौनाचे धोरण

प्रसिद्धीच्या या मार्गाला समांतर असा दुसराही एक मार्ग मराठीत होता. साठोत्तरी लघुनियतकालिकांतून निर्माण झालेल्या छोट्या प्रकाशनांनी व्यासपीठ, हारतुरे आणि परिचयपत्रे यांच्याकडे संशयाने पाहिले. औरंगाबादच्या ‘वाचा’ प्रकाशनाच्या छोटेखानी कवितासंग्रहांत भालचंद्र नेमाडे यांचा ‘मेलडी’ (१९७०) येतो. अशोक शहाणे यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाने अरुण कोलटकरांचे संग्रह काढले. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ मध्ये आला. ‘भिजकी वही’ २००३ मध्ये आली आणि कवीच्या निधनानंतर, २००५ मध्ये, तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कोलटकर मुलाखती आणि समारंभ यांपासून दूर राहत. ‘प्रास’ची पुस्तके मित्र, कवी, चित्रकार आणि मोजके विक्रेते यांच्यामार्फत पसरत गेली. येथे वृत्ताची जागा तोंडी शिफारशीने घेतली. अशा संस्थेचा इतिहास लिहिताना वार्तापत्रांचा आधार मिळत नाही. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागदाची निवड, आकार यांसारख्या ग्रंथांतर्गत खुणाच बोलक्या ठरतात. याचा अर्थ मौन अधिक शुद्ध असते असा नव्हे. तोंडी शिफारस ओळखीच्या वर्तुळातच फिरते; त्या वर्तुळाबाहेरच्या, जिल्ह्याच्या ठिकाणच्या वाचकाला पुस्तक निघाल्याचे कळतही नाही. वृत्त सर्वांना उपलब्ध होते, हा त्याचा लोकशाही गुण होय. छोट्या संस्थांच्या अभ्यासात या दोन्ही धोरणांची किंमत तोलून पाहिली पाहिजे.

६. साधन म्हणून वापर : काही पद्धतिविषयक सूचना

प्रकाशकीय वृत्ताचा उपयोग करणाऱ्या संशोधकाने पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

(अ) घोषणा, मुद्रण आणि प्रकाशनसमारंभ या तीन वेगळ्या घटना आहेत. शीर्षकपृष्ठामागील वर्ष, समारंभाची तारीख आणि पुस्तक प्रत्यक्ष विक्रीस आल्याचा दिवस यांत काही महिन्यांचे अंतर असू शकते. संमेलन किंवा एखादी जयंती साधण्यासाठी समारंभ पुढे ढकलला जातो. दोन ग्रंथांतील प्रभावाचा किंवा अग्रक्रमाचा प्रश्न असेल तेथे हे अंतर निर्णायक ठरू शकते.

(आ) ‘आगामी’ या शीर्षकाखाली घोषित झालेली सर्वच पुस्तके प्रसिद्ध होत नाहीत. न निघालेल्या पुस्तकांची यादी ही लेखकाच्या संकल्पांची आणि संस्थेच्या आर्थिक ओढाताणीचीही नोंद असते. शीर्षक बदलून आलेली पुस्तके अशा यादीवरूनच ओळखू येतात.

(इ) ‘आवृत्ती’ या शब्दाचा मराठी प्रकाशनव्यवहारातील वापर सैल आहे. मजकुरात बदल नसलेले पुनर्मुद्रणही दुसरी आवृत्ती म्हणून जाहीर होते. प्रतींची संख्या दिलेली नसेल तर आवृत्त्यांच्या आकड्यावरून लोकप्रियतेचा निष्कर्ष काढू नये.

(ई) कार्यक्रमाच्या वृत्तातून स्थळ, अध्यक्ष, वक्ते, आयोजनातील सहभागी संस्था आणि प्रवेशमूल्य यांची नोंद करावी. एका संस्थेच्या दहा वर्षांच्या कार्यक्रमांची अशी सारणी केली, तर तिचा भूगोल आणि सामाजिक आवाका यांचे चित्र उभे राहते. स्त्रिया अध्यक्षस्थानी किती वेळा होत्या आणि सूत्रसंचालनापुरत्या किती वेळा, हेही त्यातून कळते.

(उ) वार्तापत्र आपल्या संस्थेविषयी प्रतिकूल गोष्टी सहसा सांगत नाही. पडून राहिलेल्या प्रती, थकलेले मानधन, लेखकाशी झालेले मतभेद त्यात येत नाहीत. म्हणून त्याची पडताळणी वृत्तपत्रांतील बातम्या, लेखकांची पत्रे आणि अन्य नियतकालिकांतील ‘साभार पोच’ यांच्याशी करणे अपरिहार्य आहे. ‘साभार पोच’मध्ये नोंद आणि नंतर परीक्षण नाही, हा पुरावाही बोलका असतो.

(ऊ) वाचकांच्या पत्रांची निवड संपादकाने केलेली असते. तरीही पत्रलेखकांची गावे आणि व्यवसाय यांवरून वाचकवर्गाविषयी काही अंदाज बांधता येतो. तो अंदाज म्हणूनच मांडावा.

७. जतनाचा प्रश्न

या सर्व विवेचनाला अर्थ येण्यासाठी मूळ सामग्री उपलब्ध असावी लागते आणि अडचण नेमकी तेथेच आहे. १८६७ च्या मुद्रण व नोंदणीविषयक कायद्यान्वये पुस्तकांच्या तिमाही सूची शासनाकडून निघत. जुन्या मराठी ग्रंथांच्या अभ्यासाला त्यांचा मोठा आधार मिळाला. १९५४ च्या कायद्याने राष्ट्रीय ग्रंथालय आणि अन्य तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत देणे बंधनकारक केले आणि १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांचा समावेश झाला. १८६७ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्याचा विषय मात्र नियतकालिकांपुरता आहे. पुस्तकांची नोंदणी त्याच्या कक्षेत येत नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळाची मराठी ग्रंथसूची जिद्दीने सिद्ध केली आणि ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या परंपरेचे स्मरण करताना हेही मान्य करावे लागते की, निमंत्रणपत्रिका, सूचीपत्रके आणि चार पानी वार्तापत्रे यांची गणना ग्रंथांत होत नसल्यामुळे ती कोणत्याही सूचीच्या चौकटीत सहजी बसत नाहीत.

ग्रंथालयांत नियतकालिकांचे वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. संशोधकाला हवी असलेली घोषणा नेमकी त्या काढलेल्या पानावर असते. अलीकडे निमंत्रणे भ्रमणध्वनीवरून चित्ररूपाने येतात आणि कार्यक्रम संपताच पुसली जातात. मुद्रित पत्रिका निदान एखाद्या पुस्तकात खूण म्हणून सापडण्याची शक्यता असे. तीही आता उरलेली नाही.

महाविद्यालयीन मराठी विभागांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्या जिल्ह्यातील एका प्रकाशनसंस्थेची सूचीपत्रके, वार्तापत्रे, निमंत्रणपत्रिका आणि ध्वनिमुद्रणे मिळवून त्यांची तारीखवार नोंद करणे, हा पदव्युत्तर लघुप्रबंधाचा समर्थ विषय होऊ शकतो. त्यासाठी मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांकडे जाण्याचे कारण नाही. एकट्याच्या बळावर पन्नास पुस्तके काढून बंद पडलेल्या प्रकाशकाच्या घरातील खोकी अधिक मोलाची ठरू शकतील. कारण त्याच्या संस्थेचा दुसरा कोणताही दप्तरखाना नसतो.

८. समारोप

प्रकाशकीय वृत्त ही समीक्षा नव्हे आणि इतिहासही नव्हे. ती इतिहासाची कच्ची सामग्री होय. तिच्यात हितसंबंध आहेत, अतिशयोक्ती आहे आणि मौनही आहे. परंतु ग्रंथ लेखकाच्या हातून निघून वाचकाच्या हाती कसा पडला, त्या वाटेवर त्याच्याविषयी काय सांगितले गेले, लेखकाला कोणत्या रूपात उभे केले गेले आणि समोर कोण बसले होते, हे अन्य साधनांतून इतक्या तपशिलाने क्वचितच कळते. फुल्यांचा नकार, विभावरींचे टोपणनाव, ठणठणपाळाचा हातोडा, ‘ग्रंथाली’चा सभासद आणि ‘प्रास’चे मौन या पाच उदाहरणांत ग्रंथ आणि समाज यांच्यातील नात्याचे पाच वेगवेगळे प्रकार दिसतात. त्यांचा तौलनिक अभ्यास झाल्यास मराठी वाचकवर्गाचा इतिहास, जो अद्याप मुख्यतः अनुमानावर उभा आहे, पुराव्याच्या आधारे लिहिण्यास प्रारंभ होईल.